रंभाबाईची फळी

मे महिन्यात शाळा बंद झाली की शहाणे शिक्षक आपापल्या गावी निघून जातात. मी जात नाही. माझं गाव वरोरा, आणि मे महिन्यातल्या वरोऱ्याबद्दल मी काही न बोललेलंच बरं. शिवाय माझी बायको दीपाली कुरखेड्यापुढच्या जंगलातल्या या हिरडाटोल्यात, उपकेंद्रात नर्स आहे. तिला उन्हाळ्याची सुट्टी नसते. म्हणून मी इथेच राहतो, आणि मला रिकामं बसवत नाही म्हणून गावातल्या पोरींना इंग्रजी शिकवतो. पोरींनी ते मागितलेलं असतंच असं नाही.

गेल्या मे महिन्यात पहिल्याच दिवशी मयुरीनं मला अडवलं. मयुरी म्हणजे रंभाबाई तुलावीची मुलगी, बारावी झालेली, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी. तिला प्रश्न फार पडतात.

"सर, अरेंज आन ऑर्गनाइज, या दोघायत फरक काय हाय? पुस्तकात दोन्हीपुढं व्यवस्था करणे असंच लिवलं हाय."

सतरा वर्षं इंग्रजी शिकवतो मी. खडू हातात घेऊन ऐटीत सांगितलं, "वस्तू नीट लावल्या की अरेंज. कार्यक्रम ठरवून पार पाडला की ऑर्गनाइज."

"मंग अरेंज मॅरेज काऊन मनते? लग्न का वस्तू हाय?"

बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. माझं डोकं सणकलं. मला चूक दाखवलेली आवडत नाही, त्यातून ती खरी असली तर मुळीच आवडत नाही. मयुरी मात्र थांबेना. "बरं, माही माय तेंदूपत्त्याच्या फळीवर करून राह्यली ते काय मनाचं?"

"अरेंज," मी फटकन बोललो. "तुझी आई अरेंज करते. ऑर्गनाइज करायला साहेब लागतो."

हे वाक्य मी बोललो, आणि शुद्धीत बोललो. पुढच्या पंधरा दिवसांत हिरडाटोल्यानं ते माझ्या घशात घातलं. कसं, तेच सांगायला बसलो आहे.

आधी रंभाबाईची ओळख. आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी आहे, गावातल्या निम्म्या लोकांची तीच आहे. त्या हिशेबानं ती सेहेचाळीस वर्षांची. अंगानं बारीक, चालणं भरभर, आणि हाताला एकच खोड: जे दिसेल ते नीट लावायचं. तिच्या अंगणातली लाकडाची रास दोरी धरून रचल्यासारखी असते. मोहफुलं वाळत घातली की त्यांचा चौकोन असा की कोपरा कुठे सुटायचा नाही. गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, सभा असली की ती सर्वांत शेवटी आत जाते. बाहेर पडलेल्या साऱ्यांच्या चपला जोडीजोडीनं लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही. नवरा चैतू स्वभावानं गरीब माणूस. तिनं लावलेल्या घरात तो पाहुण्यासारखा जपून वावरतो.

एकदा ती अंग दुखतं म्हणून उपकेंद्रात आली. दीपाली आत हात धुवायला गेली तेवढ्यात बाईनं औषधांचे सगळे खोके कपाटात उंचीप्रमाणे लावून टाकले. दिसायला कपाट इतकं सुंदर झालं की मी फोटो काढला. पुढचे दोन दिवस दीपालीला तापाची गोळी सापडत नव्हती, आणि ती राग माझ्यावर काढत होती.

तर अशी ही बाई गेल्या वर्षी गावच्या फळीची मुन्शी, म्हणजे माल मोजून घेऊन नोंदणारी, झाली. फळी म्हणजे तेंदूपत्ता जमा करून वाळवायचं मैदान. मे महिन्यात अख्खं गाव पहाटे जंगलात शिरतं, पानं तोडून आणतं, दुपारी ओसरीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देतं. तिथे ते पुडे रांगांनी मांडायचे, दिवसाआड पालटायचे, नीट वाळले की मोठाल्या पोत्यांत भरायचे. त्या पोत्यांना इकडे बोद म्हणतात. वाळत असताना पावसाचा एक सपाटा बसला तर पान काळं पडतं आणि मग त्याला कोणी विचारत नाही.

इतकी वर्षं फळी ठेकेदाराची होती आणि मुन्शीही त्याचाच, बाहेरून आलेला. गेल्या वर्षी ग्रामसभेनं पहिल्यांदा ठरवलं की पानं आपली, फळीही आपलीच. ठरवलं म्हणजे बायांनी ठरवलं, आणि बायांना घरोघरी जाऊन उठवलं ते रंभाबाईनं. विरोधात एकटे पत्रूभाऊ उभे राहिले. पत्रूभाऊंनी वीस वर्षं ठेकेदाराच्या फळीवर चौकीदारी केलेली. माणूस वाईट नाही, पण बोलणं कडू काढ्यासारखं.

"एक साल करून पाहा," ते भर सभेत म्हणाले. "पन पानं काळी पडली त पुढच्या सालापासून फळी ठेकेदारालेच द्याची. मंग कोनं तोंड उघडाचं नाई. हाय का कबूल?"

सगळे रंभाबाईकडे बघायला लागले. "हाव," ती म्हणाली. बस, एवढंच. त्या एका शब्दावर गावची फळी टांगली गेली, आणि तिची स्वतःची पतही.

पहिले पाच दिवस काय मजा आली म्हणून सांगू! मीसुद्धा पहाटे उठून जंगलात जायला लागलो. माझ्या पुड्यांत कधी सदुसष्ट पानं निघायची, कधी चौऱ्याहत्तर, आणि बाया मला गणित शिकवायच्या. गावात जिकडे बघावं तिकडे हिरवी पानं, हिरव्या पानांचा तो कडसर वास, आणि संध्याकाळी डोक्यावर टोपल्या घेऊन फळीकडे निघालेली माणसं. लोक हसत होते. ठेकेदाराच्या मुन्शीपुढे पुडे टाकताना हेच लोक मान खाली घालून उभे राहायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आणि फळीवरची ती मांडणी! ठेकेदाराच्या वेळी पुडा एकदा मोजून झाला की तो ठेकेदाराचा, मग तो कुठेही पडो. आता फळी आपली म्हटल्यावर रंभाबाईनं बेचाळीस घरांचे बेचाळीस पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्याच्या तोंडाशी एक काडी, काडीला त्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी. हिरवी चिंधी मडाव्यांची, जांभळी हलामींची. ज्याचा पुडा त्याच्या पट्ट्यात. येता-जाता माणूस उभा राहून आपला पट्टा बघायचा, दुसऱ्याला दाखवायचा. मी फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. अठ्ठावीस अंगठे आले.

सहाव्या दिवशी दुपारी पाऊस आला.

आला म्हणजे तोंडावर आदळला. आधी धूळ उठली, मग टपोरे थेंब. लोक घरांतून धावत सुटले, मीही धावलो. फळीवर पोचलो तर काय दिसावं? जो तो आपली चिंधी शोधत होता. मडाव्यांच्या घरात सहा माणसं, त्यांचा पट्टा भराभर उचलला गेला, आणि उचलताना शेजारचे दोन पट्टे तुडवले गेले. दोन घरांनी एकच ताडपत्री दोन टोकांनी ओढली, ती मधोमध फाटली. रंभाबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत ओरडत होती, "इकडं या! अरे, इकडं या!" तिचा आवाज बसला तरी तिकडे कोणी गेलं नाही. कमलाबाई एकटी म्हातारी, सत्तरीची. तिच्या पट्ट्यात ती एकटीच वाकून एकेक पुडा पदरात घेत होती आणि तिच्या मागे सारे पुडे भिजत होते. मी काय करत होतो? लाज वाटते, पण सांगतो. मी माझे तीस-चाळीस पुडे शोधत होतो.

पाऊस पंचवीस मिनिटांत गेला. जवळपास पाचवा हिस्सा माल गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोटुलात सभा भरली. पत्रूभाऊ उठले. मला वाटलं आता ते तोंडसुख घेणार. पण ते हळूच बोलले आणि ते जास्त लागलं. "मांडनी सुंदर होती, रंभाबाई. मी वीस साल फळीवर होतो, अशी मांडनी पाह्यली नाई. पन पावसानं का मांडनी पाह्यली?" मग ठरलं की आणखी एकदा माल भिजला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी ठेकेदाराला निरोप पाठवायचा आणि उरलेला माल त्याच्या हवाली करायचा. कोणी विरोध केला नाही.

रंभाबाई खाली मान घालून बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते. तिनं फक्त एक विचारलं. "कमलाबाईच्या पट्ट्यात कोनीच काऊन नाई गेलं?"

मग मागून एक बाई म्हणाली, "तिथी तिची चिंधी होती ना, बाई. तो तिचा पट्टा होता."

रंभाबाईनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. मारणारा हात आपलाच आहे हे कळल्यावर माणूस असा दिसतो.

सभा संपली. मी सवयीनं बाहेर नजर टाकली तर चपला तशाच विखुरलेल्या, आणि रंभाबाई त्यांच्यावरून चालत तरातरा फळीकडे निघालेली. मी मागोमाग गेलो. तिनं पहिली काडी उपटली, चिंधी सोडून कमरेला खोचली. दुसरी उपटली. तिसरी. मी ओरडलो, "बाई, हे काय करून राह्यल्या?"

"चुकलं माहं, सर. पुडा मोजला, वहीत लिवला, झालं. मंग तो गावाचा. मी त्याच्यावर नाव लावून ठेवलं आन गावाचे बेचाळीस तुकडे केले."

थोड्या वेळात लोक जमले आणि आरडाओरडा सुरू झाला. आमचा पट्टा कुठी गेला? आमचा माल कोन वळखन? रंभाबाईनं सगळ्यांना बोलू दिलं. मग बायांकडे वळून म्हणाली, "रोवन्याले आपन कोनाच्या बांधीत उभ्या रायतो?"

धान रोवायला इकडे साऱ्या गावच्या बाया एकत्र निघतात. आज याच्या बांधीत, उद्या त्याच्या. एक रांग धरायची आणि वाकून मागे मागे सरत जायचं. आपण रोवतोय ती बांधी कोणाची, हा विचार त्या रांगेत कोणाच्या डोक्यात येत नाही.

"साऱ्यायच्याच," एक जण म्हणाली.

"मंग इथी काऊन नाई?"

त्या दिवशी दुपारपर्यंत ती घरोघर फिरली, आणि मी तिच्या मागे मागे, कारण मला राहवेना. ती कोणाला हुकूम देत नव्हती. प्रत्येकाला एकच विचारत होती, तुमच्यानं काय होते? धावता येणाऱ्या बाया वेचायला, एका रांगेत. बाप्यांनी त्यांच्या मागे टोपल्या वाहायच्या. ढीग पाच, जागा ठरलेल्या, खाली तट्टे अंथरून ठेवायचे आणि ताडपत्री तिथेच घडी करून. म्हाताऱ्यांनी ढिगापाशी बसून पुडे घ्यायचे. कमलाबाई म्हणाली, "माह्यानं काई होत नाई, बाई." रंभाबाईनं तिच्या हातात दगड दिला. "ताडपत्रीवर दगड तुमी ठेवाचे. तुमी ठेवल्याबिगर ढीग झाकला असं कोनी मनाचं नाई." कमलाबाईनं तो दगड असा धरला की मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

मग ती पत्रूभाऊंच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मनात म्हटलं, आता जुंपते.

"पत्रूभाऊ, पाऊस यायच्या आधी तुमाले कसं समजते?"

"काऊन?"

"वीस साल तुमी फळी राखली. एकडाव पन माल भिजू देला नाई. माह्यापाशी हात लई हायत, डोळे नाईत."

पत्रूभाऊंनी तंबाखू मळणं थांबवलं. ज्या बाईची फळी बुडावी असं त्यांनी उघड बोलून दाखवलं होतं, ती त्यांच्या दारात त्यांचंच कसब मागायला आली होती. "वारा एकदम पडते," ते म्हणाले. "पळसाचं पान हालत नाई. तिथून अर्धा घंटा." आणि मग स्वतःहूनच, "आन पहिले खालच्या अंगाचा माल उचलाचा. पानी तिकडंच साचते. तुही रांग वरून सुरू करशीन त बुडशीन."

"मंग तुमीच सांगा," रंभाबाई म्हणाली.

शेवटी माझी पाळी. मला वाटलं होतं की इतका शिकलेला माणूस, मला काहीतरी देखरेखीचं काम मिळेल. "सर, तुमाले शाळेची घंटी वाजवता येते ना?" मी मान हलवली. "पत्रूभाऊनं हात वर केला का वाजवाची. जोरात." झालं. सतरा वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्याची नेमणूक चपराशाच्या जागेवर.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तालीम झाली. आकाशात ढगाचं नाव नाही आणि मी घंटा बडवतोय. लोक हसत, एकमेकांवर आदळत, टोपल्या सांडत धावले. फळीवरचा माल पाच ढिगांत नेऊन झाकायला पाऊण तास लागला. रंभाबाई चिडली नाही. कोणाला रांगेत इकडे सरकवलं, कोणाला तिकडे. लहान लेकराची माय होती तिला ढिगापाशी बसवलं आणि तिच्या जागी मयुरीला उभं केलं. माल परत पसरून पुन्हा घंटा. अर्धा तास. त्याच्या दुसऱ्या दिवशी अठरा मिनिटं! मी घड्याळ बघून ओरडलो आणि साऱ्या बायांनी एकच गलका केला.

फळी मात्र आता दिसायला काही खास राहिली नव्हती. ढिगांकडे जायला मध्ये रुंद वाटा सोडलेल्या, रांगा जिथे हात पोचतील तशा. "बाई, ओळी वाकड्या झाल्या," मी चिडवलं. "होऊ द्या," ती म्हणाली. पण मी पाहिलं, जाता जाता ती वाकली, एक पुडा सरळ केला आणि कोणी बघितलं की काय म्हणून चटकन हात मागे घेतला.

दहाव्या दिवशी बोद संपत आले. ते आणायला चैतू आणि रंभाबाई ट्रॅक्टर घेऊन सकाळीच कुरखेड्याला गेले. दुपारी तीनच्या सुमारास मी शाळेच्या ओट्यावर बसलो होतो, अंगातून घामाच्या धारा. समोर फळीवर चाळीसेक हजार पुडे उन्हात पसरलेले, आणि काठावरच्या पळसाखाली पत्रूभाऊ बसलेले. मला आठवतंय, एकाएकी घाम जास्तच यायला लागला. वारा पडला होता. मी पळसाकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं.

पत्रूभाऊ उभे राहिले. त्यांनी कुरखेड्याच्या वाटेकडे एकदा बघितलं. वाट रिकामी होती. रंभाबाई नाही! आता कोण सांगणार? आता काय होणार? तेवढ्यात पत्रूभाऊंचा हात वर गेला.

मी घंटेवर तुटून पडलो. आयुष्यात शाळा भरवायला मी ती इतक्या जोरात कधी वाजवली नव्हती. आणि माणसं आली! ओसऱ्यांतून, विहिरीवरून, नुकत्याच तोडून आणलेल्या पानांचे ढीग तसेच टाकून. कोणी कोणाला काही विचारलं नाही. बाया खालच्या अंगाला गेल्या, रांग धरली, वाकल्या आणि वेचत वेचत वर सरकायला लागल्या. मागून टोपल्या निघाल्या. भरलेली टोपली ढिगाकडे, रिकामी रांगेकडे. हलामींची सून मडाव्यांच्या मालावर, मडाव्यांचा जावई कमलाबाईच्या मालावर, आणि कोणता माल कोणाचा हे कोणाच्या गावीही नव्हतं. तीच माणसं होती. चार दिवसांपूर्वी ताडपत्री फाडणारी तीच! रांगेत एक बाई ठेचकाळून पडली तर तिच्या डाव्या-उजव्या हाताच्या दोघींनी तिची जागा वाटून घेतली आणि रांग तुटली नाही.

माझी घंटा झाली होती, पण मला थांबवेना. मी टोपली उचलली आणि धावत सुटलो. मयुरी रांगेत होती. तिच्यापाशी पोचलो आणि धापा टाकत ओरडलो, "मयुरी! अरेंज म्हणजे पुड्यांना जागा देणं! ऑर्गनाइज म्हणजे माणसांना काम देणं, असं की देणारा नसला तरी ते होतं! तुझी आई... तुझी आई इथे नाही, पाहा, आणि तरी..."

"सर, टोपली!" मयुरी खेकसली. बरोबर होतं तिचं. मी टोपली घेऊन पळालो.

चौथा ढीग झाकला तेव्हा गार वाऱ्याचा झोत आला. पाचव्या ढिगावर ताडपत्री ओढली, कमलाबाईनं दगड ठेवला, दुसरा ठेवला, तिसरा ठेवला आणि कंबर धरून उभी राहिली. "झाकला!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. आणि पाऊस कोसळला. काय तो पाऊस! पण खाली फळीवर भिजायला आता फक्त आम्ही होतो. लोक नाचत होते. मी पत्रूभाऊंना मिठी मारली, त्यांनी मला ढकललं आणि मग स्वतःच हसले.

पाऊस जरा ओसरला तसं वाटेवर कोणीतरी पळत येताना दिसलं. रंभाबाई. पायात चपला नाहीत, लुगडं चिखलानं माखलेलं. फळीच्या काठावर येऊन ती थबकली. समोर मैदान उघडं, एक पुडा दिसत नव्हता. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "पुडे कुठी हायत?" तिनं विचारलं. मयुरीनं तिचा हात धरून तिला पहिल्या ढिगाशी नेलं. रंभाबाईनं ताडपत्रीखाली हात घातला. आतून सगळं कोरडं होतं. तिनं हात बराच वेळ बाहेर काढला नाही.

"कोनं सांगितलं? कोन ओरडलं साऱ्यायले?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. खरोखरच कोणाला आठवेना. पत्रूभाऊ पुढे झाले. "वारा पडला, मी हात वर केला, सरायनं घंटी वाजवली. बाकी कोनाले काई सांगाचं कामच नाई पडलं." मग म्हणाले, "तू नव्हती, रंभाबाई, त काईच अडलं नाई."

ती चिखलात बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मला वाटलं पत्रूभाऊंचं बोलणं तिला लागलं. मी त्यांना काही बोलणार, एवढ्यात तीच म्हणाली, "सारी वाट मी पेनाले, आपल्या देवाले, हात जोडत आली. मले पोचू दे, मले पोचू दे. मले वाटलं मी नाई पोचली त गाव बुडन." आणि रडता रडता हसायलाच लागली.

"रडाचं मंग," कमलाबाई म्हणाली. "पहिले सांग, बोद कुठी हायत?"

रंभाबाईनं तोंडावर हात ठेवला. नाल्याला पाणी आलेलं, ट्रॅक्टर पलीकडे अडकलेला, त्यावर साडेतीनशे बोद आणि त्यांना धरून बसलेला चैतू. हे सगळं सोडून ती पाण्यातून पळत आली होती. गावाला असं हसू फुटलं की पावसाचा आवाज ऐकू येईना.

आम्ही सगळे नाल्याकडे निघालो. नाला फळीपासून काही फार लांब नाही, पाणी मांडीएवढं होतं. रंभाबाई सवयीनं भरभर पुढे गेली, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली आणि सांगायला तोंड उघडलं. पण सांगायचं काही उरलंच नव्हतं. ट्रॅक्टरपासून पाण्यातून अलीकडच्या काठापर्यंत आणि काठापासून फळीपर्यंत माणसांची रांग लागलेली होती. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग पाण्याच्या काठाशी पत्रूभाऊंच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती, तिथे जाऊन उभी राहिली.

पलीकडून चैतूनं पहिला गठ्ठा सोडला. हातोहात तो पत्रूभाऊंपर्यंत आला.

"पुढच्या साली बोद आधीच आनून ठेव," पत्रूभाऊ कुरकुरले आणि गठ्ठा तिच्या हातात दिला.

रंभाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, गठ्ठा पुढे दिला आणि दुसऱ्यासाठी हात केले.